जुन्या शिडाच्या होडीला काठाची लाकडी पट्टी बसवणे: मदत हवी आहे

नागावचा_नातू
११ जानेवारी

मंडळी, इथे जुन्या बुलेटचे, रेडिओंचे, शिलाई मशीनचे धागे झाले. होडीचा दिसला नाही म्हणून काढतोय.

दिवाळीच्या सुमारास एका बोट क्लबने अडगळ काढली, त्यात एक एंटरप्राइझ होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोघांनी चालवायची शिडाची लहान होडी. जॅक होल्ट या इंग्रज गृहस्थाने १९५६ साली आखलेली. चार मीटरला चार सेंटिमीटर जास्त लांब, १.६ मीटर रुंद, प्लायवूडची, निळ्या शिडांची. आपल्याकडच्या कित्येक क्लबांत लोक हिच्यावरच शिकले. मी विकत घेतली असं म्हणायचं, पण टेम्पोचं भाडं होडीपेक्षा जास्त झालं. सध्या ती नागावला आजोळच्या वाडीत, सुपारीच्या झाडांखाली दोन ड्रमांवर उपडी पडली आहे. मी पुण्याहून शनिवार-रविवार जातो.

तळ ठोकून पाहिला, आवाज खणखणीत आहे. बाजूचे डेक कुजले होते, ते काढले. आता प्रश्न काठाच्या पट्टीचा. होडीची बाजू आणि डेक जिथे भेटतात तिथे बाहेरून नाळेपासून (पुढचं टोक) वराम्यापर्यंत (मागची बाजू) एक जाड पट्टी जाते. धक्क्याला होडी घासली की मार तिने खायचा. मूळची महोगनी आहे. उजवीकडची अर्धी गायब. डावीकडची जागेवर आहे, पण अंगठ्याने दाबली की पाणी सोडते.

टिंबर मार्केटात जाऊन "चौदा फुटी सागवानी पट्टी, २० मिलिमीटर जाड, गाठ नको" असं म्हटलं. दुकानदार म्हणाला, "बिडिंग ना? कुठल्या दरवाजाला?" होडीला म्हटल्यावर त्याने चहा मागवला. पट्टी मात्र बारा फुटाच्या वर नव्हती.

तर विचारायचं आहे ते असं: लाकूड कुठलं, वाकवायचं कसं, आणि स्क्रू की चिकटवण की दोन्ही?

——

कोळंबीखाऊ
११ जानेवारी

पहिला! फायबरची घ्या, पट्टीचा प्रश्नच मिटेल. हलके घ्या. खुर्ची टाकून बसलोय.

——

निवृत्त_खलाशी
१२ जानेवारी

लाकडाचं नंतर बघू. आधी सांगा, डावीकडची जुनी पट्टी फेकली का? फेकली नसेल तर फेकू नका. कितीही कुजलेली असो, अखंड काढा. तुमचा नमुना तोच. लांबी, कुठे निमुळती होते, नाळेपाशी कुठल्या कोनात कापली आहे, स्क्रू किती अंतरावर आहेत, सगळं त्यात आहे. नुसत्या होडीवरून माप घेत बसलात तर फसाल.

काढताना पटाशी घालून उचकटू नका, प्लायचा वरचा थर पट्टीबरोबर निघून येतो. स्क्रूच्या खाचेतला रंग टोचणीने साफ करा. सोल्डरिंगची तापलेली इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, मग पेचकस लावा. तरी हलला नाही तर पट्टी आणि होडी यांच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून स्क्रू मधोमध कापा.

——

नागावचा_नातू
१८ जानेवारी

काका, वेळेवर सांगितलंत. उचकटायचीच तयारी चालली होती.

एका बाजूला ३१ स्क्रू निघाले. इस्त्रीच्या युक्तीने १९ सुटले, आठ कापले. उरलेल्या चारांची गंमत: पेचकस टेकवला आणि डोकं तुटून हातात आलं. पितळी स्क्रू, पण तुटलेली बाजू पिवळी नाही, गुलाबी. बोटांत चुरला तर बिस्किटासारखा भुगा. हे काय प्रकरण?

——

निवृत्त_खलाशी
१८ जानेवारी

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं, मागे सच्छिद्र तांबं राहतं, म्हणून गुलाबी. दिसायला स्क्रू, जोर शून्य. होडीत पितळी स्क्रू पुन्हा घालू नका, दुकानदार काहीही म्हणो. सिलिकॉन ब्रॉन्झ मिळालं तर सोनं. नाही मिळालं तर ३१६ स्टेनलेस. ३०४ नको.

——

रंधापटाशी
१९ जानेवारी

मी व्यवसायाने सुतार नाही, पण वीस वर्षं लाकडात हात आहेत. चौदा फूट अखंड मिळत नाही म्हणून अडू नका. दोन तुकडे तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी जाडीच्या आठपट, म्हणजे २० मिलिमीटरच्या पट्टीला १६० मिलिमीटरचा उतार. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून, वरचा १६० मागे सरकवून, दोन्हींवर एकाच वेळी रंधा मारा. पायरीसारखे दिसतात ते एक सपाट उतरण होईपर्यंत. नीट झालं तर जोड शोधावा लागतो.

दोन गोष्टी पाळा. पुढच्या तिसऱ्या हिश्शात सांधा नको, तिथे बाक सगळ्यात जास्त असतो. आणि सांध्याची बाहेरून दिसणारी पातळ धार मागे, वराम्याकडे तोंड करून हवी. नाळेकडे ठेवलीत तर धक्क्याला घासताना धार अडकून सांधा उकलतो.

लाकूड सागवानच घ्या, पण ते तेलकट असतं हे लक्षात ठेवा. चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत, आणि लगेच चिकटवा. पुसून ठेवलंत आणि जेवायला गेलात तर आतलं तेल परत वर येतं.

——

टेम्सकाठची_ठकी
१९ जानेवारी

अय्या, होडीचा धागा! मी इकडे इंग्लंडात, रेडिंगजवळ असते. लॉकडाऊनमध्ये नवऱ्याने आणि मी एक मिरर होडी दुरुस्त केली. तीही जॅक होल्टचीच (सोबत बॅरी बकनेल), पण लाल शिडांची. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि शिवणीवर पट्टी चिकटवायची. गोधडी शिवल्यासारखं!

वाकवायबद्दल सांगते. सागवान वाफेला ओक किंवा अ‍ॅशसारखं बधत नाही. भट्टीत वाळवलेलं असेल तर आणखी हट्टी. आम्ही वाफेच्या नादी लागलोच नाही. एक जाड पट्टी वाकवण्याऐवजी दोन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. जाडी निम्मी केली की वाकवायला लागणारा जोर आठव्या हिश्शावर येतो, म्हणजे दोन्ही मिळून चौथा हिस्सा. आणि चिकटून वाळल्यावर ती तो बाक धरून राहते.

अवांतर: सागवानाचा विषय निघाला म्हणून, इथे उत्तरेला हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली ही जुनी युद्धनौका ठेवली आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, मलबारी सागवानाची. अजून पाण्यावर तरंगते. तिच्या डेकवर उभी राहिले तेव्हा मुलांना म्हटलं, हे लाकूड आपल्याकडचं बरं का. मुलांना आइस्क्रीम हवं होतं.

——

मालवणी_खाजा
२० जानेवारी

सुहेली विसरू नका. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून २२ एप्रिल १९६९ ला फालमथला पोचले, ती बत्तीस फुटी होडी मुंबईत बांधलेली. तीही सागवानाची.

आमच्याकडे होडयेक काजूच्या टरफलाचा तेल लावतत. काळी कुट्ट होता, पण वाळवी जवळ येवची नाय. हातार पडला तर मात्र फोड येतत.

——

शिसवी
२० जानेवारी

काजूचं तेल आणि स्वच्छ व्हार्निश यांतलं एक काय ते ठरवा. तेल मुरलेल्या लाकडावर व्हार्निश धरत नाही. फिनिशिंगला याल तेव्हा हाक मारा. मी जुनं फर्निचर दुरुस्त करते, तोवर वाचतेय.

——

नागावचा_नातू
२ फेब्रुवारी

ठकीताईंचं वाचूनही मी ऐकलं नाही. दुकानदाराकडून दहा आणि सहा फुटी दोन तुकडे आणले, "सीपी टीक, एक नंबर" (म्हणजे मध्य प्रांतातला साग) म्हणून. सांधा छान जमला (रंधापटाशी, दंडवत). मग एकसंध वीस मिलिमीटरची पट्टी, कोरडीच, नाळेपाशी क्लॅम्पने धरली आणि मागे वाकवत निघालो. तिसऱ्या क्लॅम्पपर्यंत सगळं गोड. चौथा आवळताना कुठेतरी बारीक टिकटिक ऐकू आली, पालीसारखी. पाचवा आवळला आणि फटाका! नाळेपासून दोन फुटांवर उभी चीर, हातभर लांब.

वाडीत शेजारी एक म्हातारे सुतार आहेत, आता काम करत नाहीत, मासेमारीच्या होड्या बांधायचे. आवाज ऐकून आले. तुकडा उचलला, कडेवरून डोळा लावून पाहिला आणि म्हणाले, "याच्या रेषा बाहेर पळाल्यात." म्हणजे लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीला समांतर न जाता तिरक्या जाऊन कडेतून बाहेर निघाल्या होत्या. चीर बरोबर तिथेच. एक नंबर टीकचा असा हिशेब.

——

रंधापटाशी
२ फेब्रुवारी

सांधा टिकला ना? :)

पट्टी घेताना रुंद बाजू सगळेच बघतात. बघायची असते ती कड. कडेवरच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. बाक जिथे जास्त तिथला तुकडा तरी तसा निवडा.

——

कोळंबीखाऊ
२ फेब्रुवारी

फायबर...

——

टेम्सकाठची_ठकी
३ फेब्रुवारी

मी काही म्हणत नाही हं. (दोन पातळ. दहा-दहा मिलिमीटर.)

——

नागावचा_नातू
१६ फेब्रुवारी

दोन पातळ, दहा-दहा मिलिमीटर. :) यावेळी मुंबईत दारूखान्याला गेलो. भंगारातल्या जहाजांचं सामान येतं तिथे एका ढिगात जुन्या सागवानी फळ्या मिळाल्या, वरून राखाडी, आत मधासारख्या. कडेवरच्या रेषा बघूनच घेतल्या, तोवर दुकानदार दोनदा जेवून आला असेल. नागावला गिरणीत कापून घेतल्या. एक खिळा लपून बसला होता, गिरणीवाल्याचं पातं गेलं, त्याचे पैसे वेगळे.

सुतारआजोबांनी वाकवायची पद्धत सांगितली ती लिहून ठेवतो. पुढच्या तीन-साडेतीन फुटांना जुनी गोणपाटं गुंडाळायची. न्हाणीघराच्या बंबात पाणी उकळायचं आणि तांब्याने त्यावर ओतत राहायचं. पातळ पट्टीला वीस-पंचवीस मिनिटं. मग गोणपाटासकटच होडीवर धरायची, नाळेकडून सुरुवात करून एक-एक क्लॅम्प मागे. दोन्ही पट्ट्या अशा बाकवल्या. पाली बोलल्या नाहीत.

——

रंधापटाशी
१६ फेब्रुवारी

फार छान. पण लगेच चिकटवू नका! ओल्या लाकडावर एपॉक्सी (दोन भाग कालवून करायची चिकटवण) म्हणजे पैसे समुद्रात. क्लॅम्पमध्ये तशीच आठवडाभर वाळू द्या. सोडल्यावर थोडी मागे येईल, चालेल, बाक बहुतेक राहतो. ओलावा मोजायचं मीटर असेल तर १२ ते १५ टक्क्यांच्या आत आल्यावरच पुढे.

दुसरं, क्लॅम्प किती आहेत? चिकटवताना दर वीतभर अंतरावर एक लागतो.

——

नागावचा_नातू
१७ फेब्रुवारी

नऊ आहेत. :(

——

निवृत्त_खलाशी
१७ फेब्रुवारी

नळाचा चार इंची जाड पीव्हीसी पाइप घ्या. दोन बोटं रुंदीच्या चकत्या कापा, प्रत्येक चकती एका जागी चिरा. झाला क्लॅम्प. ताणून काठावर चढवायचा, तो स्वतःच आवळतो. आम्ही पन्नास-पन्नास वापरले आहेत. पाइप पातळ घेतलात तर जोर नसतो.

नाळेपाशी चकती बसत नाही. तिथे पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणा, पट्ट्या कापून घट्ट गुंडाळा.

——

टेम्सकाठची_ठकी
१७ फेब्रुवारी

आणि चकत्यांच्या खाली प्लॅस्टिकचा कागद. नाहीतर होडीला कायमचे दागिने.

——

आडवा_वारा
१८ फेब्रुवारी

सगळ्यांच्या विरोधात बोलतो. ही पट्टी चिकटवायचीच कशाला? तिचं कामच झिजणं. दहा वर्षांनी परत बदलावी लागणार. एपॉक्सीने चिकटवलेली काढताना प्लाय फाटणार. तिच्या मागे न कडकणारा सीलंट भरा आणि स्क्रूने बसवा. पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील. तेवढा तो सिलिकॉनचा सीलंट वापरू नका, त्याचा लवलेश राहिला तरी त्या जागी पुन्हा रंग धरत नाही.

——

रंधापटाशी
१८ फेब्रुवारी

मोठ्या होडीला पटलं असतं. एंटरप्राइझची बाजू म्हणजे पातळ प्लाय. डेक काढल्यावर तिला जो काही ताठपणा आहे तो या पट्टीचा. चिकटवलेली पट्टी आणि प्लाय मिळून एक तुळई होते. सीलंटवर बसवलीत तर ती नुसती शोभेची, शिवाय ३१ भोकांतून पाणी आत जायची सोय.

——

आडवा_वारा
१८ फेब्रुवारी

आणि चिकटवलेल्यात भोकं नसतात का? तुम्ही पण स्क्रू घालताच आहात.

——

रंधापटाशी
१८ फेब्रुवारी

घालतो, चिकटवण वाळेपर्यंत पट्टी धरायला. नंतर काढून भोकं बुजवली तरी चालतात.

——

निवृत्त_खलाशी
१९ फेब्रुवारी

दोघांचंही खरं. आतली पट्टी चिकटवा, ती होडीचं हाड. बाहेरची, मार खाणारी, सीलंट आणि स्क्रूवर. दोन पातळ पट्ट्या आहेतच, एवढा वाद कशाला?

——

आडवा_वारा
१९ फेब्रुवारी

हे मात्र मान्य.

——

रंधापटाशी
१९ फेब्रुवारी

मला नाही, पण काकांपुढे गप्प.

——

नागावचा_नातू
२ मार्च

लाज वाटतेय, पण लिहितो.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे आतली पट्टी चिकटवायला घेतली. होडी आता ड्रमांवर सुलटी ठेवली आहे. शनिवारी मी एकटाच होतो, म्हणून डावी बाजू शनिवारी, उजवी रविवारी असं ठरवलं. डावी झोकात गेली. रविवारी उजवी धरायच्या आधी सहज म्हणून सुतळी घेतली. नाळेच्या मध्यापासून वराम्याच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एक माप, उजव्या कोपऱ्यापर्यंत दुसरं. १४ मिलिमीटरचा फरक! शुक्रवारी दोन्ही सारखी होती.

समोर उभं राहून डोळा लावला तर दिसतंय. डावी बाजू जराशी सपाट, उजवी फुगलेली. होडीने तोंड वाकडं केलंय.

——

निवृत्त_खलाशी
२ मार्च

डेक काढलेली होडी म्हणजे झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका. एका बाजूने पट्टी सरळ व्हायला बघते, दुसरीकडे विरोध करायला कुणी नाही. हे आधी सांगायला हवं होतं, माझी चूक.

आता ही पट्टी काढा. हीट गनने तापवा, एपॉक्सी तापली की मऊ पडते. सावकाश, वीतभर तापवून पातळ पात्याने सोडवत जा. प्लाय करपू देऊ नका.

मग होडीच्या मधोमध आडवी काठी ठोका, मूळच्या रुंदीला नेमकी कापलेली. पुढे एक, मागे एक, अशा तीन. त्यांनी आकार धरून ठेवला की दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच वेळी. इकडे एक क्लॅम्प, तिकडे एक क्लॅम्प. दर चार क्लॅम्पला सुतळी.

——

शिसवी
२ मार्च

पातळ पात्याला स्वयंपाकघरातलं उलथनं उत्तम. बोथट असतं म्हणून प्लायला इजा करत नाही. परत स्वयंपाकघरात नेऊ नका एवढंच.

——

नागावचा_नातू
९ मार्च

उलथनं नेलं होतं. आईच्या लक्षात आलं आहे.

पट्टी शाबूत निघाली, दोन ठिकाणी प्लायचा पापुद्रा गेला तो भरला. वाळलेली एपॉक्सी दोन्हीकडून घासून लाकूड उघडं केलं. तीन आडव्या काठ्या ठोकल्या. या रविवारी बायको डाव्या बाजूला, भाचा उजव्या बाजूला, मी मधे एपॉक्सी कालवायला. नागावला दुपारी ३४ अंश. मोठं भांडं भरून कालवली तर दहा मिनिटांत भांड्यातूनच धूर निघायला लागला. फेकली. मग सकाळी साडेसहाला परत सुरुवात, छोट्या छोट्या वाट्यांत, आणि कालवली की लगेच पसरट ताटलीत ओतायची.

बायकोने पीव्हीसीच्या चकत्या इतक्या सफाईने चढवल्या की भाचा मागे पडला आणि तिने त्याला दोनदा झापलं. सुतळीचा शेवटचा फरक २ मिलिमीटर. मला चालतंय.

——

रंधापटाशी
९ मार्च

दोन मिलिमीटर म्हणजे कारखान्यातून येते त्याहून बरी असेल. दहा अंश वाढले की एपॉक्सीचा वेळ साधारण निम्मा होतो, आणि भांड्यात खोल ठेवलेली स्वतःच्याच उष्णतेने पेटते. ताटलीचं बरोबर केलंत.

चकत्या फार आवळल्या नाहीत ना? सगळी एपॉक्सी पिळून बाहेर आली तर सांधा उपाशी राहतो. कडेने बारीक मणी दिसावेत, ओघळ नको. आणि वाळल्यावर वर मेणासारखा चिकट थर येतो तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा. थेट पॉलिशपेपर मारलात तर तो थर आत घासला जातो.

——

नागावचा_नातू
३० मार्च

बाहेरची पट्टी सीलंटवर बसली, एका बाजूला ३० स्क्रू, ३१६ स्टेनलेस. डोकी आत बुडवून वर त्याच लाकडाची गोल बुचं बसवायची आहेत. काही टिप्स?

——

शिसवी
३१ मार्च

आता माझा प्रांत.

बुचं त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून कापा, वेगळ्या सागवानाची नको. दुसऱ्या महिन्यात ठिपक्यांची साडी दिसेल. बसवताना बुचाच्या रेषा पट्टीच्या रेषांना समांतर. चिकटवायला एपॉक्सी नको, थेंबभर व्हार्निश पुरे. उद्या स्क्रू काढायचा झाला तर बूच फोडून निघेल.

वर आलेला भाग एका घावात छाटू नका. आधी पटाशीने वरचा अर्धा उडवा. तो कुठल्या दिशेने तुटतो ते बघा. खालच्या बाजूला तुटत असेल तर उरलेलं पलीकडून छाटा. नाहीतर बूच पृष्ठभागाच्या खाली तुटतं, आणि मग खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरत बसा.

व्हार्निश: लाखेचं पॉलिश नाही, पाणी लागलं की पांढरं पडतं. फर्निचरवाला मेलामाइन सुचवेल, तेही नाही. ते घरातल्यासाठी, उन्हात तडकतं. बाहेरच्या कामाचं, उन्हाला टिकणारं मरीन व्हार्निश. पहिला हात टर्पेंटाइन घालून निम्मं पातळ, म्हणजे लाकडात मुरेल. दुसरा थोडा कमी पातळ. मग तसाच. एकूण सहा तरी हात, आठ केलेत तर सुख. दर दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर, हलक्या हाताने. कडा आधी किंचित गोल करा, टोकदार कडेवर व्हार्निश थांबतच नाही, पहिली सालं तिथूनच निघतात. आणि पट्टीची खालची बाजू! ती कुणी बघत नाही म्हणून कुणी रंगवत नाही, आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. तुमची जुनी कुठून कुजली होती ते आठवा.

——

नागावचा_नातू
३१ मार्च

खालूनच. :(

——

मालवणी_खाजा
१ एप्रिल

सकाळी नऊच्या आत व्हार्निश लावा, दहानंतर वारा सुटतो आणि सगळी वाळू पट्टीवर. संध्याकाळी चारनंतर नको, दव पडलं की चकाकी मरते.

——

नागावचा_नातू
४ मे

सात हात झाले. नवीन बाजूचे डेक बसले, आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का बघून प्लाय घेतला. (आधी एका दुकानात 'मरीनच आहे' म्हणून आयएस ३०३ दाखवत होते.) बुचांपैकी ५९ बरोबर. उजवीकडचं मागून तिसरं मात्र आडव्या रेषांचं बसलंय, आणि हे मला चौथ्या हातानंतर दिसलं. आता कुणीही होडी बघायला आलं की माझी नजर आधी तिथेच जाते.

——

शिसवी
४ मे

भाच्याने बसवलं असं सांगा.

——

नागावचा_नातू
४ मे

भाचा हा धागा वाचतो, ताई.

——

निवृत्त_खलाशी
५ मे

पाऊस यायच्या आत एकदा पाण्यात घाला. धक्क्यावर नका नेऊ, वाळूवरून ढकला.

——

नागावचा_नातू
२५ मे

काल रेवदंड्याच्या खाडीत उतरवली. भरती साडेदहाची होती. सुतारआजोबा रिक्षा करून आले, त्यांनी काठावरून हात फिरवत पूर्ण फेरी मारली आणि नेमके त्या तिसऱ्या बुचापाशी थांबले. बोलले काही नाहीत. बायको सुकाणूवर, मी शिडाच्या दोरीवर. तळाला कुठेच पाणी नाही. वारा पश्चिमेचा, मध्यम. अर्ध्या तासाने परतताना एका मचव्याच्या कडेला डाव्या बाजूने घासलो, खर्रकन आवाज आला, जीव गेला. बघितलं तर पट्टीवर हातभर ओरखडा, व्हार्निशचे सातही हात गेलेले, प्लायला काही नाही.

——

कोळंबीखाऊ
२५ मे

फायबर असती तर... जाऊ दे. अभिनंदन! पुढच्या वेळी मलाही न्या, वजनाला उपयोगी पडेन.

——

आडवा_वारा
२५ मे

सीलंट आणि स्क्रूवर बसवलेली पट्टी. नुसतं सांगतोय.

——

नागावचा_नातू
२६ मे

आडवा_वारा, मान्य. :)

मरीन व्हार्निशचा डबा पाऊण भरलेला उरलाय, पुढच्या हंगामापर्यंत वर साय धरेल. पुण्यात कुणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पीव्हीसीच्या ५६ चकत्याही आहेत, त्या फक्त उसन्या मिळतील.